बिनधुराची शेगडी

छाया,
तू झेंडू तोडायला मळ्यात गेलीस, म्हणून ही चिठ्ठी फ्रीजवर चिकटवते.

माझ्या लखनने आणलेली विजेची शेगडी गच्चीवर नेऊन ठेवली आहे. अगं, काय डोकं लावलंय बनवणाऱ्याने! कोळसा नको, फुंकणी नको. बटण दाबलं की सळई आपली आपण फिरते आणि कोंबडी चहूबाजूंनी सारखी भाजते. काल मी तिच्यापुढे देवापुढे बसावं तशी बसून राहिले. वांगं भाजलं, कणसं भाजली, पण धुराची रेघसुद्धा नाही.

आणि तू शेजारी उभी राहून डोळे पुसत म्हणालीस, "काही नाही आत्याबाई, धूर लागला."

लग्न होऊन आल्यापासून चुलीपुढे तू हेच सांगत आलीस आणि मी सासू असून ते खरं मानलं. दर मे महिन्यात माझ्या लेकी पोराबाळांसकट माहेरपणाला येतात, यंदाही आल्यात, आणि तू त्यांना रांधून घालतेस. तू सुट्टीत माहेरी कधी गेलीस, ते काल किती आठवलं तरी आठवेना. लय मोठं यंत्र आहे बाई हे. मला शहाणं केलं.

मी कळवणच्या गाडीने तुझ्या माहेरी जाते. संध्याकाळी तुझ्या आईला घेऊनच येईन.

लोडशेडिंग संपलं की बटण लखन दाबेल. वाढायला माझ्या लेकींना हात आहेत. तू आईजवळ बस.

तिला बघून धूर लागलाच, तर पुसू नकोस.

आत्याबाई