पुष्पचक्र पोचलं, मी जिवंत आहे

ती. गुनवोरताईस,

स्टेलनचा जिवंतपणी केलेला साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? गोथेनबर्गच्या दमट हवेत ते कुरकुरत असतील, तर चालणं सोडू नकोस. इकडे माझा रक्तदाब, दात, भूक सगळं जागच्या जागी आहे. तू पाठवलेलं पुष्पचक्र शनिवारी पोचलं. लिलीची फुलं इतकी टवटवीत होती की सोल्वेग म्हणाली, "एवढी फुलं लग्नातसुद्धा नव्हती." (खरं आहे. आमच्या लग्नात तू फुलांऐवजी इस्त्री दिली होतीस.) आता ताई, मी मेलो ही बातमी कशी पसरली ते तुझ्या लाडक्या नातीच्या, तिंद्राच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून ऐक.

सहा महिन्यांपूर्वी तुझ्या भिडेखातर मी तिंद्राला आमच्या कारखान्यात उमेदवारीवर घेतलं. आम्ही झेंड्याचे खांब बनवतो, पोरखेळ नाही. अख्ख्या स्वीडनमध्ये कुणाच्या अंगणात झेंडा चढला की आम्हाला वाटतं, चला, आपल्या लेकीचं बरं चाललंय. पण तुझी नात! बरोब्बर चारला हातमोजे काढते आणि चालू लागते. चारनंतर फोन केला तर उचलत नाही. काही सांगावं तर "का?" म्हणून विचारते. अगं, चाळीस वर्षांत मी कुणाला "का" विचारलं नाही, म्हणून तर फोरमन झालो! आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती कॉफीला बसत नाही. नऊची घंटा झाली की आम्ही सगळे जुने लोक कॉफीच्या टेबलाशी जमतो, आजकालची पोरं काम कशी करत नाहीत यावर सविस्तर चर्चा करतो, आणि ही बाई तिकडे यंत्रावर काम करत बसलेली असते! टेबलावर दिसतच नाही, तर माणसानं कसं समजायचं की ही कामाची आहे म्हणून? (शिवाय तिची केक आणायची पाळी आली की तोही आणत नाही, असं मी म्हणणार होतो, पण आणते. चांगला आणते. ते जाऊ दे.)

तर शुक्रवारी मला साठ पूर्ण झाली. आपली रीत तुला माहीत आहेच, कारखान्यापुढच्या खांबावर वाढदिवसाला झेंडा चढवायचा. पावणेनऊ वाजता मी मानानं दोरी हातात घेतली. तिंद्रा शेजारी येऊन म्हणाली, "मामाआजोबा, वरची कप्पी झिजलीय. मार्चपासून सांगतेय, बदलू या." मी म्हटलं, "ही कप्पी तुझ्या जन्माआधीपासून फिरतेय, तिला शिकवू नकोस." ती म्हणाली, "फिरत नाहीये हो, घासतेय." झालं, जुंपली आमची. मी इरेला पेटून दोरी ओढली, झेंडा डौलात निघाला, आणि अर्ध्यावर जाऊन जो अडकला तो ना वर ना खाली. ती म्हणाली, खांब आडवा करू, कप्पी बदलू, फक्त कुणीतरी बुंध्याशी धरायला हवं. तेवढ्यात घंटा झाली. आता ताई, तूच सांग, नऊच्या कॉफीला उशीर करून काही साधलंय का कधी कुणाचं? मी म्हटलं, "कॉफीनंतर बघू." त्यात सोल्वेगनं बदामाच्या हिरव्या लगद्यानं मढवलेला मोठा केक दिला होता.

केक कापला आणि सगळ्यांनी आग्रह केला म्हणून (आग्रह येंगटनं केला, तो बहिरा आहे, पण केला) मी दोन शब्द बोललो. विषय अर्थातच आजची पिढी. यांना कशाची चाड नाही, यांचं सगळं लक्ष फोनमध्ये. म्हणूनच कॉफीच्या वेळी फोन दाराजवळच्या टोपलीत टाकायचे हा नियम मी केलाय. शेवटी म्हटलं, "आमच्या पिढीनं हाती घेतलेलं काम कधी अर्धवट सोडलं नाही!" टाळ्या झाल्या. माझ्या मागच्या खिडकीतून सगळ्यांना अर्ध्यावरचा झेंडा दिसत होता, हे मला नंतर कळलं. मधेच तिंद्रानं काच ठोठावली. मी हातानंच खूण केली, ये, केक खा.

इकडे गावात हलकल्लोळ. अर्ध्यावरचा झेंडा बघून पाववाल्यानं विचार केला, कोण गेलं? वाढदिवस कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक, आणि वयानं मीच मोठा. दोन अधिक दोन चार. बातमी केस कापायच्या दुकानात पोचली, आणि तिथे डोक्याला रंग लावून बसली होती माझी बायको! बिचारीनं फोनवर फोन केले. माझा फोन टोपलीत, माझ्याच नियमानं. पाद्रीबाई तिच्याकडे निघाल्यासुद्धा. तिनं रडत तुला कळवलं, तर तू आपल्या घराण्याच्या रीतीनं कुणाला काही न विचारता थेट फुलवाल्याला गाठलंस. शेवटी सोल्वेगनं तिंद्राला फोन लावला. तिनं मात्र उचलला (कामाच्या वेळेत!) आणि म्हणाली, "रडू नका हो आजी. ते केकच्या तिसऱ्या तुकड्यावर आहेत."

आम्ही बाहेर आलो तेव्हा झेंडा पार वर फडकत होता. लाकडाचा ट्रक घेऊन आलेल्या चालकाला बुंध्याशी उभं करून पोरीनं खांब आडवा केला होता, कप्पी बदलली होती आणि पुन्हा उभा केला होता. हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी सर्वांसमोर म्हणालो, "बघा, जुन्या कप्पीला जरा ऊन लागलं की चालते." तिंद्रा पुढे आली. जुनी कप्पी माझ्या हातात ठेवली आणि कामाला गेली. ताई, खरं सांगतो, मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार वाजता तिला काहीतरी बोलावं म्हणून शोधायला गेलो, तर ती गेलेली.

असो. तब्येतीला जप. सोल्वेगचा नमस्कार. तिचे केस अर्धे तांबडे, अर्धे पांढरे राहिलेत, त्याबद्दल ती माझ्याशी बोलत नाही.

तुझा (हयात) भाऊ,
स्टेलन

ता. क. मुख्य काम राहिलंच. सोमवारी मी मालकांना सांगितलं, या मुलीला कायम करा, नाहीतर मलाच घरी बसवा. ते लगेच हो म्हणाले. (जरा जास्तच लगेच.) पण ही म्हणते, "विचार करून सांगते." शेजारच्या गावातल्या पवनचक्कीवाल्यांनी तिला बोलावलंय गं! ती गेली तर माझ्यानंतर या कारखान्यात "का?" असं विचारणारं कुणी उरणार नाही. तू तिची आजी, तुझं ऐकेल. तिला थांबव, तुझ्या पाया पडतो.

ता. क. २. फोन चारच्या आत कर. चारनंतर ती उचलत नाही. हल्ली मीही उचलत नाही.

ता. क. ३. आत्ताच येऊन म्हणाली, राहीन, पण एका अटीवर. पुष्पचक्रावरची तू छापून घेतलेली फीत, "हाती घेतलेलं काम अर्धवट न सोडणाऱ्या भावास", कॉफीच्या खोलीत माझ्या खुर्चीच्या वर लावायची. मी साफ नाही म्हटलं. मग हातोडी घेऊन आलो. खिळा अर्धा गेलाय. बाकीचा कॉफीनंतर ठोकतो, घंटा झाली.