आम्हाला गाव नाही

१२ एप्रिल

तेजूची बालवाडी आज संपली. घरात शिरली ती दप्तर न उतरवताच, "आई, आपण कधी जायचं?" कुठे म्हणून विचारलं तर परत तेच, कधी जायचं. सगळे जाणार म्हणून आपणही, एवढंच असेल. बिल्डिंग निम्मी रिकामी होईल आता. कोणी सोलापूर, कोणी लातूर, वरची दीपमाला वाशिमकडे. दारापुढच्या चपला कमी होत जातील. दरवर्षीचंच आहे.

आम्हाला गाव नाही. म्हणजे होतं ते हेच, धायरी. सासरचं शेत होतं तिथे आता कुठल्याशा सोसायटीच्या गाड्या उभ्या असतात. लोक गावाहून येऊन आमच्या गावात राहतात आणि सुट्टी लागली की परत गावाला जातात. आम्ही जायचं कुठे?

यंदा मात्र तिला न्यायचंच कुठेतरी. हे गेल्यापासून तीन वर्षं घर, दुकान, बालवाडी, एवढंच तिने पाहिलंय. जूनमध्ये पहिलीत जाईल. बाई विचारतील, सुट्टीत काय केलं. रद्दी बांधली म्हणून सांगेल.

१५ एप्रिल

परीक्षा संपल्या की आमचा हंगाम. गाइडं, वह्या, वर्षभराचे पेपर. पूर्वी हे काट्यावर असायचे आणि मी मागे गठ्ठ्यांवर बसून वाचायची. शाळा आठवीपर्यंतच झाली, पुढचं सगळं मी रद्दीत वाचलंय. हे म्हणायचे, "वाचून झालं की परत काट्यावर ठेवून बघ, हलकं भरेल." आता काट्यावरही मीच आणि वाचणारीही मीच. वाचणं कमी झालंय.

आज पर्यटनाच्या पुरवण्या बाजूला काढल्या. एका पानावर मोठ्या अक्षरात, लहान मुलांसह खिशाला परवडणाऱ्या सहली. लिहिणाऱ्याची आणि माझ्या खिशाची गाठ पडलेली दिसत नाही. तरी दिवेआगरच्या एका घरगुती सोयीचा नंबर होता. समुद्र, नारळाची वाडी, दोन्ही वेळचं जेवण. दुपारी लावला. पलीकडचे गृहस्थ शांतपणे म्हणाले,

"ताई, पेपर कधीचा आहे तुमच्याकडे?"

तारीख वाचून दाखवली.

"अहो, ते घर विकलं आम्ही. आता रिसॉर्ट झालंय तिथे. त्यांचा नंबर देऊ?"

नको म्हटलं. रद्दीवाल्या बाईला ताजी माहिती कुठून मिळणार.

१७ एप्रिल

सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, विचारलं, येता का आमच्याबरोबर. मुलगा गेल्यापासून त्या देवळाच्या पुढे गेलेल्या नाहीत, फार तर लेकीकडे, माझ्या नणंदेकडे, विश्रांतवाडीला.

"म्या न्हाई यायची. तुमी जावा दोघी."

"समुद्र बघितलाय का कधी?"

"खारं पाणी बघाया पैसं घालायचं व्हय?"

विषय संपला. मग तेजूला विचारलं. समुद्रावर जायचं ना? वाळूत किल्ला करू, शिंपले गोळा करू. तिने सरळ मान हलवली. नाही.

"मग कुठे?"

"गावाला."

"आपल्याला गाव नाही गं, बाळा."

"आहे."

हट्ट असा नाहीच तिच्या बोलण्यात. माहीत असल्यासारखं बोलते. आजीकडे पाहत होती. आत्याबाई उठून देवाजवळची वात सारखी करायला गेल्या. वात सारखीच होती.

२० एप्रिल

गाइडांचा टेम्पो भरून दिला. पाठ दुखतेय. सहलीचा विचार करायलाही आधी कुठेतरी बसायला हवं.

२३ एप्रिल

महाबळेश्वरला एका ठिकाणी विचारून झालं. भाडं ऐकलं, बरं म्हटलं, फोन ठेवला.

संध्याकाळी दीपमाला पेपर द्यायला आली. तिचा ऋषी तेजूच्याच वर्गातला. मी पुरवण्या पसरून बसले होते. ती म्हणाली, "ताई, हे कायले शोधत बसता? आमच्या गावाले चाला ना. माय एकटीच राह्यते तिथं. एवढं मोठं घर हाये. तिकिटाचाच काय तो खर्च."

"मे महिन्यात वाशिमला?"

"उनाचं काय घेऊन बसल्या! पुण्यात का बर्फ पडते?"

विहीर आहे म्हणे, दोन म्हशी आहेत, दारात आंबा. पैसे द्यायचं मी बोलायला लागले तर तिने पेपरचेसुद्धा घेतले नाहीत. रागावून वर गेली.

एसटीत बायकांना अर्धं तिकीट. तेजूलाही अर्धं. आम्ही दोघी मिळून एक माणूस होतो.

तेजूला सांगितलं. "खरंच गावाला?" तिने मला दोनदा म्हणायला लावलं. मग धावत आजीकडे गेली. एवढी खूश झालेली मी तिला कधी बघितलं नव्हतं. इतकी मोठी हौस होती आणि मी किल्ले आणि शिंपले सांगत बसले होते.

आत्याबाई तेवढ्या खूश नाहीत. "लोकं उन्हाळ्यात थंड जागी जात्यात. तुमी भट्टीत चाल्ला."

२५ एप्रिल

आठ तारखेची तिकिटं काढली, वाकडेवाडीच्या स्टँडवरून. दुसऱ्या दिवशी पोहोचू. तीन वर्षांत पहिल्यांदा कशाची तरी वाट बघतेय. सवय राहिली नाही, दमायला होतं.

२६ एप्रिल

तेजूने सामान भरायला घेतलंय. फ्रॉक, पळण्याच्या शर्यतीत मिळालेलं पदक, आणि चित्रं. सगळी चित्रं. बालवाडीत गेली त्या पहिल्या आठवड्यातल्या रेघोट्यांपासून. दोन-तीन घे म्हटलं, चांगली निवडून. "सगळी." पिशवीत मावत नाहीत म्हटलं. मग फ्रॉक काढून ठेवला.

२८ एप्रिल

आज दुकानात तिने ती चित्रं सुतळीने बांधली. अगदी मी बांधते तशी, गुडघ्याने दाबून, गाठ ओढून. मला हसू आलं. म्हटलं, "एवढा गठ्ठा कोण बघणार आहे तुझा तिथे?"

"पप्पा."

मी काट्यावर काहीतरी ठेवत होते. ते तसंच हातात राहिलं.

"पप्पांनी एकपण नाही बघितलं," ती म्हणाली. "ते गावाला गेले ना, मग मी काढायला शिकले."

"तुला कोणी सांगितलं गावाला गेले म्हणून?"

"आजीने. तेव्हाच."

समोर गिऱ्हाईक उभं होतं. त्याच्या रद्दीचं वजन केलं, पैसे दिले. बरोबर दिले की नाही कोण जाणे.

मला सगळं आठवलं मग. यांना दवाखान्यात नेलं तेव्हा ती अडीच वर्षांची. तेरावा होईपर्यंत नणंदेने तिला विश्रांतवाडीला ठेवून घेतलं होतं. परत आली ती घरभर शोधत फिरली. आत्याबाईंनी जवळ घेऊन सांगितलं, पप्पा गावाला गेलेत. मी तिथेच होते. लहान मुलाला असंच सांगतात सगळीकडे. विसरेल म्हणून सांगतात. फोटोसुद्धा त्यासाठीच भिंतीवर लावला नाही, कपाटात आहे. नंतर तिने विचारलं नाही, आम्हाला वाटलं विसरली.

ती कशाला विसरेल? तिच्या आजूबाजूला सगळी माणसं गावाला जातात आणि परत येतात.

३० एप्रिल

अक्षय्य तृतीया. आत्याबाईंनी तेजूला ऋषीकडे खेळायला पाठवलं आणि यांच्या नावाने घागर भरली. वर आंबा ठेवला, आमरसाचं पान वाढलं. दरवर्षी असंच, पोरीला घराबाहेर घालवून.

पान वाढून झाल्यावर मी बोलले. "आत्याबाई, तिला सांगायला हवं. तिथे उतरली की ती दारोदार शोधत फिरेल."

"नगं सांगूस. म्या हाय तवर नगं."

"आणि तिथे गेल्यावर काय सांगू?"

त्यांनी विचार केला. "म्हनावं, आता दुसऱ्या गावाला गेलाय."

इतक्या गंभीरपणे म्हणाल्या की मला हसू फुटलं. त्यांनाही फुटलं. पदर तोंडाला लावून हसत होत्या. असं हसणं या घरात कधी झालं होतं, आठवत नाही. मग थांबल्या आणि घागरीकडे बघत राहिल्या.

"ती इच्यारती ना अधनंमधनं, पप्पा गावाला काय करत्यात म्हून. म्या सांगती. पेरनी करतुय, म्हशी धुतुय. सांगता सांगता मलाबी वाटाया लागतं बग गं प्रेमला. गावालाच हाय."

म्हणजे ती विचारत होती. मला नाही, आजीला.



१ मे

दीपमालाला सांगितलं, बेत का डळमळतोय ते. ती जिन्यातच बसली. म्हणाली, "आमच्याकडंही तसंच सांगतात वं ताई, लेकराले. गावाले गेले." उठता उठता म्हणाली, "पण आमाले गाव हाये."

३ मे

आत्याबाई दोन दिवसांसाठी नणंदेकडे गेल्या आहेत. आज सांगितलं.

दुपारी दुकान बंद ठेवलं. जेवणं झाली. कपाटातून फोटो काढला, तिला मांडीजवळ बसवलं. इतकं वाचलंय आयुष्यात, कसं सांगायचं ते एकाही पानावर वाचल्याचं आठवेना.

"तेजू, पप्पा गावाला नाहीत. पप्पा गेले."

"कुठे?"

देवाघरी गेले, म्हटलं.

"ते कुठल्या गावात असतं?"

तेव्हा कळलं की माझ्याजवळ शब्दच नाही. गेले, सोडून गेले, देवाघरी गेले. आपल्याकडे मेलेल्या माणसाला सगळे कुठेतरी पाठवूनच देतात. आणि जो जातो तो कुठे जातो, हे ती विचारणारच. वारले म्हटलं. तो शब्द तिला माहीत नव्हता.

मग म्हटलं, "पप्पा मेले."

तीन वर्षांत हा शब्द मी यांच्यासाठी एकदाही उच्चारला नव्हता. मनातसुद्धा नाही. तोंडातून बाहेर पडला तर फार लहान वाटला.

ती गेटजवळच्या मांजरीबद्दल बोलली. पावसाळ्यात मेली होती ती, पोरांनी खड्डा करून पुरली होती. "तशी?"

"तसे."

"मग येणार नाहीत."

"नाही."

"गावाला पण नव्हते?"

"नव्हते."

तिने फोटो हातात घेतला. बराच वेळ बघितला. "शर्ट निळा आहे," म्हणाली. मग पिशवीतून गठ्ठा काढून कोपऱ्यात ठेवला, वाचून झालेल्या पेपरांवर. मी म्हटलं, मला दाखव ना चित्रं. "तू बघितलीयेस," म्हणाली. रडली नाही. आंबा मागितला, खाल्ला, कोय चाटत बसली.

गठ्ठा मी तिथून उचलला आणि कपाटात ठेवला. तिथे ठेवणं बरोबर नव्हतं, उद्या चुकून काट्यावर गेला असता.

मग भांडी घासली. घासलेलीच परत घासली.

४ मे

ऋषी बोलवायला आला तर तेजू गेली नाही. तिकिटं ठेवायची की परत करायची, तिला विचारायचं धाडस होत नाही.

५ मे

सकाळी आत्याबाई आल्या. आल्या आल्या तेजूच्या तोंडावरून हात फिरवला, सुकली गं म्हणाल्या. मी तिला सांगून टाकलंय हे त्यांना सांगायला दिवसभर तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी त्या लसूण सोलत बसल्या होत्या, मी कणीक मळत होते. तेजू माझ्या कानाशी आली. तिचं कानातलं बोलणं सगळ्या खोलीला ऐकू जातं.

"आई, आपण गावाला नको जायला. समुद्रावर जाऊ. आजीला पण नेऊ. गावाला नेलं ना, तर ती तिथे पप्पांना शोधत बसेल. तिला अजून माहीत नाहीये. तू सांगू नकोस हं."

बरं, म्हटलं.

आत्याबाईंनी हातातली पाकळी पुरी सोलली. मग मान वर न करता म्हणाल्या, "तेजू, कुठं ठरलं गं आपलं जायाचं?"