वजाचं अधिक झालं

तीर्थस्वरूप आत्या,

शिरसाष्टांग नमस्कार. (खोलीत साष्टांग घालण्याइतकी जागा नाही, म्हणून उभ्यानेच केलाय. चालवून घे.) गुडघा कसा आहे? काकांचा घसा बसलाय म्हणे. घरात शांतता असेल, तेवढंच सुख. मी मजेत आहे, आणि हे आजपासून खरंच आहे. गेल्या पत्रापर्यंत नुसतं लिहीत होते.

मी दिवसभर करते तरी काय, असं तू विचारलं होतंस. तर ऐक. यंत्रातली वीज एकदम उसळायला लागली की तिला आवरायला तारेचं वेटोळं लागतं. वेटोळं लहान केलं की त्याचा धाक कमी होतो. पण काही धातूंत अणूंचे चिमुकले चुंबक गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखे वळत जातात आणि तो जिनाच वेटोळ्याचं काम करतो. शिवाय तुकडा जितका बारीक तितका धाक जास्त. (आपल्या घराण्यात सगळ्यांत बुटकी तू, तेव्हा तुला जास्त सांगायला नको.)

माझं नशीब असं की माझ्या तुकड्याचा धाक उलटा. मीटरवर कायम वजा! तारा बदलल्या, मीटर बदललं, वजा तो वजाच. लॅबमध्ये सगळे मला वजाबाई म्हणायला लागले. कुणीतरी फळ्यावरही लिहिलं. मग भेसळ सुरू केली (शास्त्रात तिला डोपिंग म्हणतात, म्हणून पोलीस येत नाहीत). एका धातूचे थोडे अणू काढून दुसऱ्याचे घालायचे आणि भट्टीत नवा स्फटिक वाढवायचा. कमी घातले तर फरक नाही, जास्त घातले तर जिनाच गायब. सर म्हणाले, "आता हे शेवटचं. भट्टी दुसऱ्यांना द्यायचीय." त्या शेवटच्या खेपेला मोहरीपेक्षा लहान असा एकच धड स्फटिक निघाला, आणि मीटरला जोडायला उचलला तर चिमट्यातून टुणकन उडाला!

सगळी लॅब रांगायला लागली. शेजारचा काचकाम करणारा भलामोठा चुंबक घेऊन धावत आला. मी म्हटलं, "हा चुंबकाला नीटसा चिकटत नाही हो. आतले सगळे चिमुकले चुंबक वेगवेगळ्या दिशांना तोंडं करून बसतात, बाहेर काही उरत नाही."

"चुंबकाला न चिकटणारा चुंबक?" तो बघतच राहिला. "आणि याचा पगार मिळतो?"

तेवढ्यात सर आले. त्यांनी चष्मा पुसला, माझ्याकडे रोखून पाहिलं आणि म्हणाले, "हलू नकोस. श्वासही घेऊ नकोस." स्फटिक माझ्या वेणीत होता!

जोडला. मीटरवर अधिक. "तापल्यामुळे असेल," सर म्हणाले. नीट गार ठेवून पुन्हा मोजलं. अधिक. घासून आणखी बारीक केला, तर आणखी अधिक! सरांनी फळ्यावरची 'वजाबाई' तेवढी स्वतःच्या हाताने पुसली. मी बाहेर जिन्यात बसून मनसोक्त रडले, आणि मग इतकी भूक लागली म्हणून सांगू!

काकांना नमस्कार.

तुझी लाडकी (असावी) भाची

ता. क. प्रयोग झाला, आता घरी येऊन दुकान सांभाळ, असं बाबांचं म्हणणं. सर मला अजून दोन वर्षं थांब म्हणतायत आणि मलाही थांबायचंय. बाबा तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीत. तेवढं त्यांच्या गळी उतरव.

आणखी एक ता. क. आत्याला हे पसंत आहे, असं मी त्यांना फोनवर आधीच सांगून टाकलंय. ते तुला जाब विचारायला निघालेत. पत्र आधी पोचलं तर उत्तम. नाहीतर ते समोरच बसले असतील, त्यांनाही नमस्कार सांग.