तांबूला क्विनोआ

१० नोव्हेंबर
मळ्यात क्विनोआ पेरला, ते परदेशी धान्य, गुरांच्या चाऱ्याला. वाडीत पहिला. मंडणगड तालुक्यातही पहिलाच असणार. चौकशी केली नाही, पण असणारच. आमच्या माणसांचं एकच, भात झोडला की मळा ओसाड टाकायचा, अर्ध्यांनी मुंबई गाठायची आणि गुरांनी पेंढा चघळायचा. कोयनेच्या पोफळी पॉवरहाऊसमध्ये तीस वर्षं स्टोअर सांभाळलंय मी. कुठला माल कुठे वापरायचा, हे मला कोणी शिकवू नये. यूट्यूबच्या व्हिडिओत स्पष्ट सांगितलंय, पेंढ्याच्या कितीतरी पट प्रोटीन.
संकल्प: मार्चपर्यंत गोठ्यातून पेंढा हद्दपार.
हौसाला, म्हणजे आमच्या सौं.ना, सांगितलं. ती म्हणाली, तांबू गाभण आहे, तिच्यावर प्रयोग नकोत. तांबू हिच्या माहेरची गाय. दोन वेतांना खोंडच झाले, यंदा कालवड व्हावी म्हणून ही नारळ बोललीय. प्रयोग कोण करतंय? आहार आहे तो.

२ डिसेंबर
रोपं पिवळी. जांभ्याची जमीन कंजूष, तिला चिमटीने देऊन भागत नाही. युरिया डबल मारला. शेजारचा बाबल्या दगडी गडग्यापलीकडून बघत होता. जळतो.

१९ डिसेंबर, सकाळ
भात निघाल्यापासून वाडीतली गुरं उनाड सुटलीत. आज गडगा पाडून चौदा जनावरं मळ्यात शिरली. काठी घेऊन धावलो तर काय! हिरव्यागार पिकातून सगळी रांगेने चालत पलीकडे गेली आणि बांधावरचं वाळकं करड गवत खाऊ लागली. एकानेही पानाला तोंड लावलं नाही. एका म्हशीने हुंगलं, फुरफुरली, मागे सरली.
शिस्तीची गुरं. उगाच शिव्या घातल्या.

३ जानेवारी
पहिली कापणी. तांबूपुढे भारा टाकला. तिने माझ्याकडे बघितलं. सवय होईल. हौसा म्हणाली, तुम्ही जा, मी भरवते. तासाभराने गव्हाण साफ! बायकांना समजायला वेळ लागतो, पण समजतं.

१४ जानेवारी
तांबू तुकतुकीत. पोट गोल. शेणाच्या गायरीवरसुद्धा हिरवा थर दिसतोय, इतकं पोषण खाली उतरतंय. ग्रुपवर फोटो टाकला.
एकच तक्रार. पेंढ्याची उडवी खाली बसत चाललीय. लागत नाही तरी रोज कमी होते. तीस वर्षांत माझ्या स्टोअरमधून खिळा गेला नाही. बाबल्याला सरळ विचारलं. तो म्हणाला, भाऊ, आपल्या घरात विचारा. आणि आत निघून गेला. चोराच्या उलट्या बोंबा!

२० जानेवारी
हौसा विरारला गेली, संध्याच्या बाळंतपणाला. लेकीचं दुसरं आहे, तरी आईच हवी. एसटीत चढताना तीनदा बजावलं, तांबूला सकाळ-संध्याकाळ दोन-दोन पेंढ्या घाला, तो तुमचा पाला नको. माझ्याकडून शपथ घेतली. मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे शपथ नव्हे.

२१ जानेवारी
चोरीचा कायमचा बंदोबस्त केला. आंब्याच्या आढीला पेंढा लागतो म्हणून खालच्या वाडीचा बागायतदार मागतच होता. अख्खी उडवी टेम्पोत भरून दिली. अंगण कसं मोकळं झालं!

२२ जानेवारी
तांबूने तोंड लावलं नाही. हौसाची आठवण येत असणार. पीक पुन्हा पिवळं, युरियाचा आणखी एक हात दिला. तांबू दिवसभर हंबरत होती.

२४ जानेवारी
हंबरणं थांबलं. चांगलं लक्षण. एसटीच्या रस्त्याकडे तोंड करून उभी असते.
वाडीतली आवडाबाई सारवायला शेण न्यायला आली आणि गोठ्यातच थांबली. म्हणाली, भाऊ, हिच्या कुशी बघा, आत गेल्यात, पोटुशी हाय ती, माझ्याकडचा पेंढा आणते. मी म्हटलं, मधे पडू नकोस, सवय मोडेल. तिने तांबूच्या पाठीवरून हात फिरवला आणि शेण न घेताच गेली.
हौसाचा फोन. संध्याला मुलगी झाली. तांबू खाते ना, विचारलं. उत्तम, म्हटलं. उद्या खाईलच, म्हणजे खोटं नव्हे.

२५ जानेवारी, सकाळी ९
आभाळ भरून आलंय. अवेळी. पहाटे कापून आणलं, आणि खाल्लं! अधाशासारखं! पूर्ण भारा! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. बाबल्याला मुद्दाम हाक मारून दाखवलं. तो म्हणाला, भूक हाय ती, भाऊ. म्हणू दे. दुसरा भारा टाकला.

दुपारी १
थरथरतेय. गारठा असेल. पोतं टाकलं.

१.४०
बसली. उठत नाही. श्वास जोरात. हिरड्या निळसर वाटतात, की उजेडच कमी आहे. बाबल्या न सांगता मोटरसायकल काढून डॉक्टरला आणायला गेला.

२६ जानेवारी
गुरांचा डॉक्टर म्हणजे अजिंक्य, कालचा पोरगा. काल तासाभरात आला. रक्त काढलं तर चॉकलेटसारखं. विचारलं, युरिया किती? मी सांगितलं. कधी? तेही सांगितलं. म्हणाला, जास्त युरियाने हे पीक नायट्रेटचं विष साठवतं, त्यात ढगाळ हवा, त्यात रिकामं पोट. शिरेतून निळं औषध दिलं. गाय उठली. म्हणजे मूळ तब्येत भक्कम होती. ती क्विनोआमुळेच, असं मी म्हणालो. जाताना डॉक्टर म्हणाला, गाय वाचेल, पोटातल्याचं सांगता येत नाही.
आवडाबाईने आणलेल्या पेंढ्यावर तांबू तुटून पडली. मग आवडाबाईनेच सांगितलं, हौसा रोज पाला गायरीत टाकायची आणि पेंढा भरवायची.

२९ जानेवारी
तांबू सकाळी गाभडली. कालवड होती.
बाबल्याने घरामागच्या परड्यात खड्डा खणला. मी मदत करू का विचारलं. नको म्हणाला.

३१ जानेवारी
हौसा आली. वाडीत शिरेपर्यंत तिला सगळं कळलं होतं. पिशवी ओट्यावर ठेवून थेट गोठ्यात गेली. मी दारात उभा. आत जायचं धाडस झालं नाही. मी चूक केली, हे वाक्य दोनदा मनात म्हणून पाहिलं. तोंडातून निघालं ते, संध्या कशी आहे.
ती विळा घेऊन मळ्यात गेली आणि ओंजळभर क्विनोआ कापून आणला. चुलीवर नुसता उकडला. मीठही नाही. पान मांडलं, त्यावर तेवढंच वाढलं आणि समोर बसली.
पहिला घास घेतला. इतकं कडू असतं हे मला माहीतच नव्हतं. पानात भात नव्हता. मी मागितला नाही.