भीती आहे, धाक नाही

रविवार, दि. १८ जानेवारी २००९. सकाळी पाणी भरले, देवपूजा केली, थोडा भात खाल्ला. दुपारी लिहायला बसले.

मी, श्रीमती उर्मिला उत्तम शिगवण, वय ५२, शाळेत लिपिक, राहणार गोडदेव, भाईंदर (पूर्व), हे मृत्युपत्र शुद्धीत व स्वखुशीने लिहीत आहे. वकिलांच्या मसुद्यात पुढे "कोणत्याही भीतीशिवाय" असे होते. ते मी खोडले. मला भीती वाटते.

पती उत्तम यांनी मला तेवीस वर्षे मारले. ते २००५ साली वारले. मी रडले, खरेच रडले. पण जिन्यात चपला वाजल्या की अजून हातपाय गार पडतात. कधी आपण कुठे आहोत तेच कळत नाही. दोन वर्षे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मनोरमा साळवी यांचे उपचार चालू आहेत. म्हणून दीर दशरथ म्हणतात, "वेड्या बाईचं मृत्युपत्र टिकत नाही. खोली शिगवणांचीच राहणार." ते आज येतील असे वाटून लिहितालिहिता दोनदा कडी पाहून आले.

डॉक्टरांना मी विचारले, "मी वेडी आहे का?"

"नाही. इतकी वर्षं जीव मुठीत धरलात. धोका गेला, मूठ अजून उघडत नाही. हळूहळू उघडेल." मग मसुदा वाचून म्हणाल्या, "भीती वेगळी, धाक वेगळा. आज तुमच्यावर धाक कोणाचा आहे?"

मी बराच वेळ आठवून पाहिले. कोणाचाच नाही. तरी वकिलांच्या वाक्याऐवजी हे धरावे: भीती आहे, धाक कोणाचा नाही.

१. खोली माझ्या पगारातून घेतलेली, माझ्याच नावावर आहे. ती मुलगी दिव्या हिला.

२. भांडीही तिलाच. भांडे वाजले की मार पडे, म्हणून ताटल्यांमध्ये कापडाच्या घड्या आहेत. त्या काढून टाकाव्यात.

३. टीव्ही दशरथभाऊजींना. आत मला मार पडत असताना ते बाहेर बसून त्याचा आवाज वाढवत. बाकी त्यांना काही नाही.

४. समोरच्या हंसाबेनना शिलाई मशीन द्यायचे होते. साक्षीदाराला काही देऊ नये, असे वकील म्हणाले. हंसाबेन म्हणाल्या, "मला काय नको, उर्मिलाबेन. तू फक्त दरवाजा खोल, मी येते ने!"

साक्षीदार चारला येतील. सही त्यांच्यासमोर करीन. आम्हा तिघींच्या खाण्यासाठी आता तीन ताटल्या काढल्या. मधली कापडे काढून एकीवर एक ठेवल्या. वाजल्या. मग चहाचे आधण ठेवले.

सही: उर्मिला उ. शिगवण
साक्षीदार: १. डॉ. मनोरमा साळवी २. हंसाबेन शाह
गोडदेव, १८-१-२००९