नानांच्या गाडीचं ऑइल

१४ ऑक्टो. ९१, देवपूर
जळगावहून सुरेशचा निरोप. भाऊबीजेला येतो, जाताना नानांची गाडी घेऊन जातो, तुला काय करायची? खरंच आहे. मला काय करायची. धाकट्या भावाला गाडी, मला म्हातारा. वाटणी झाली. नानांना पक्षाघात झाल्यापासून मोजक्या वेळा आला, तोही आधी सायलेन्सर पुसायचा, मग आत यायचा.

१७ ऑक्टो.
शाळेतून आले तर अंथरूण ओलं. धुतलं. नाना खिडकीतून गाडीकडे बघत पडलेले. वाचा गेली, उजवी बाजू गेली, पण गाडीवरची धूळ बरोबर दिसते. डाव्या हाताने खूण केली, पूस. नाही पुसली. अंधार पडेपर्यंत हात हलवत होते. मला बरं वाटलं. लिहूनच ठेवते, बरं वाटलं.

२० ऑक्टो.
आईची तिथी. कुणी विचारलं की छातीत कळ येऊन गेली, एवढंच सांगते. पुढचं नाही सांगत. आई ओट्यावर घामाने चिंब, गाडी दारातच. मी म्हटलं, नाना, गाडीवर घेऊन जा ना तिला. तर म्हणाले, "नवा बोअर शे. डबलसीट नही चालस. मी रिक्षा लई येस." आणि निघाले एकटेच, बैलगाडीच्या चालीने, का तर नव्याने बांधलेलं इंजिन तापायला नको. रिक्षा आली तेव्हा आई संपली होती. तेराव्याच्या आत हेच नाना गाडी पुसत होते. मी पाहिलंय.

२६ ऑक्टो.
आज भरवताना आईचं नाव काढलं. आठवतं का, नाना? डोळे मिटून घेतले. मिटायला काय जातंय.
मग सांगून टाकलं, यावेळी पेट्रोलमध्ये ऑइल घालणार नाही. टू-स्ट्रोक गाडी, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. नाही मिसळलं तर पिस्टन तापून धरतो, इंजिन जाम. हे त्यांनीच शिकवलंय. म्हणजे सुरेशला शिकवत होते, मी चहा घेऊन मागे उभी होते.
डोळे उघडले लगेच!

धनत्रयोदशी
डब्यातून पेट्रोल आणलं. पंपावरचा म्हणाला, "ऑइल किती टाकू, ताई?" घरी आहे म्हटलं. टाकीत तळाला थोडंसंच उरलं होतं, त्यावर ओतलं, मुद्दाम खिडकीसमोर. ऑइलचा डबा तसाच बंद, त्यांच्या उशाशी ठेवला. म्हातारा ओरडला. म्हणजे जेवढं ओरडता येतं तेवढं.
सुरेश किक मारेल, ऐटीत निघेल, पांझरेच्या पुलाच्या आतच इंजिन धरेल. मग ढकलत परत आणेल, नानांच्या डोळ्यांदेखत. मला तेवढंच पाहायचंय.

पाडवा
जेवत नाहीत. सकाळी डाव्या हाताने माझं मनगट धरलं, सोडेचनात. जन्मात कधी हात धरला नव्हता माझा. आणि आता धरला तो गाडीसाठी. आईचा धरला असता तर... झटकला मी.

भाऊबीज, दुपार
सकाळच्या एसटीने सुरेश आला. बरोबर भावजय, वैशाली. ती येईल हे माझ्या डोक्यातच नव्हतं. तिचं माहेर एरंडोल. वाटेत तिला तिच्या भावाकडे सोडणार, गाडीवरूनच. बाईने माझ्यासाठी साडी आणलेली. न सांगता नानांचे पाय चेपत बसली. मला कसंतरीच झालं.
सुरेशला ओवाळलं. औक्षवंत हो म्हटलं, मोठ्याने. तिकडे नाना खाटेची कड बडवतायत, अं अं करतायत, बोट गाडीच्या टाकीकडे.
"नाना काय म्हनी ऱ्हायनात, ताई?"
त्यांचं बोलणं मला एकटीलाच कळतं. सगळे मलाच विचारतात.
"सावकाश जा म्हणतात."
कसं आलं तोंडातून, देव जाणे. सुरेश नानांच्या पाया पडला. "गाडीले जीव लाईसन सांभाळसू, नाना." नाना रडायला लागले, तर हाही रडला. वेडा.
वैशाली मागे बसली, पदर खोचला, मला हात केला. तेव्हा बोलायचं होतं. ऑइल घाल, एवढे दोन शब्द. पण बोलले असते तर आत खाटेवर म्हातारा सुटला असता. त्याला सुटलेलं मला बघवलं नसतं. म्हणून गप्प. नुसता हात हलवला.
आवाज ऐकत फाटकाशी उभी राहिले. गाडी धरली नाही. पूल गेला, तरी नाही. तळातल्या जुन्या ऑइलवर चालत असेल. कुठवर चालेल? भर वेगात पिस्टन धरला तर मागचं चाक जागीच जाम होतं. पारोळ्याच्या रस्त्याला ट्रक किती असतात.

भाऊबीज, संध्याकाळ
नाना खिडकीकडे बघत नाहीत आता. माझ्याकडे बघतात. वरणभात कालवून नेला, तोंड उघडलं नाही. मीही जेवले नाही. भीती वाटतेय. वैशालीची जास्त. तिने काय केलं होतं माझं?
शेजारच्या मोरेकाकू फराळाचं ताट घेऊन आल्या. त्यांच्याकडे फोन आहे. म्हणाल्या, "पोचला का गं भाऊ? एरंडोलला लावून विचारू का?"
नको म्हटलं. उगाच तुम्हाला बिल येईल.