एकोणतीस चोक

बाबा, तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, लंडनमधलं हॅरोचं घर विकून झालं, आई आता माझ्याकडे असते, तरी टीव्हीवर कुठे गाड्या गोल फिरताना दिसल्या की माझ्या मस्तकात तिडीक जाते. नीट मराठी लिहायला मी उशिरा शिकले, आईकडून. तुम्हाला चार शब्द सुनवायचे तर ते तुम्हाला लागतील अशाच भाषेत सुनवावेत, म्हणून.

दोन हजार तीनचा उन्हाळा. शहराबाहेरचं ते स्टेडियम, एरवी तिथे कुत्र्यांच्या शर्यती व्हायच्या. लंबगोल ट्रॅकवर ओली माती, भोवती तारेचं कुंपण, सगळीकडे तळलेल्या कांद्याचा वास. मी तिथे स्टॉक कारच्या शर्यतीत उतरायचे; आमच्या गाड्यांना पुढे जाड लोखंडी बंपर असायचा, आणि पुढच्याला ढुशी देऊन बाजूला सारणं हा त्या खेळात गुन्हा नव्हता, तेच तर कसब होतं. नवख्याच्या गाडीचं छप्पर पांढरं, जरा जमायला लागलं की पिवळं. माझं पिवळं झालं तेव्हा मी वेम्बलीहून पेढे आणले. तुम्ही एक उचललात आणि पेपर वाचत राहिलात. दसऱ्याला तुमच्या गाडीला झेंडूची माळ, माझ्या गाडीला साधं बोटभर कुंकूही नाही. महाराष्ट्र मंडळात कुणी विचारलं तर 'ती इंजिनिअरिंगमध्ये आहे' म्हणायचात. आणि मग एका सीझनला तुम्हीच शनिवारी ट्रॅकचे डॉक्टर म्हणून यायला लागलात. मला वाटलं, विरघळले बाबा. किती मूर्ख होते मी!

त्या दिवशी मी सेमी-फायनलची रेषा ओलांडली, आयुष्यातली पहिली फायनल मिळाली, आणि मागच्या गाडीने दिलेल्या धक्क्याने कुंपणावर जाऊन आदळले. तुम्ही बॅग घेऊन धावत आलात. डोक्याला मार लागला नाही ना हे पाहायला डोळ्यांत टॉर्च मारलात, वार विचारलात, पंतप्रधान कोण ते विचारलात. मी सगळं बरोबर सांगितलं. शेजारी उभा असलेला अधिकारी म्हणाला, "ऑल गुड, डॉक?" तेव्हा तुम्ही माझ्यासमोर उकिडवे बसलात आणि मराठीत म्हणालात, "एकोणतीसचा पाढा म्हण."

आपलं हॅरोचं स्वयंपाकघर. शनिवारची सकाळ, माझ्यापुढे पोहे, तुम्ही ओट्याला टेकून उभे. मी म्हणते आहे, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी, एकोणतीस चोक... आणि गाडी तिथेच अडते. दर शनिवारी तिथेच. मग तुम्ही नुसते ओठ हलवून पहिलं अक्षर दाखवता आणि आई हसून म्हणते, "अहो, तिला पोहे तरी खाऊ द्या." माझी अख्खी शाळा संपली, पण तो पाढा चोकच्या पुढे तुमच्या ओठांशिवाय कधी गेला नाही. हे जगात तीनच माणसांना ठाऊक होतं.

ट्रॅकवरही मी चोकला अडले. तुमच्या तोंडाकडे पाहिलं. तुम्ही ओठ घट्ट मिटून घेतले होते.

"बाबा, काय करताय? मला हा कधीच नाही येत, यू नो दॅट!" मी ओरडले. तुम्ही उठलात, अधिकाऱ्याकडे वळलात आणि शांतपणे म्हणालात, "शी इज कन्फ्यूज्ड. अँड ॲजिटेटेड. नो फायनल." त्याला मराठी कुठे कळत होतं? त्याने फक्त मला चाचरताना आणि ओरडताना पाहिलं. शिवाय बापच सांगतोय म्हटल्यावर कोण शंका घेणार? "सॉरी, लव्ह," तो म्हणाला. "डॉक्टर्स वर्ड." माझी फायनल मी ॲम्ब्युलन्सच्या पायरीवर बसून ऐकली. तशी संधी मला पुन्हा मिळाली नाही.

तुम्ही घाबरला होतात, हे मला कळत नव्हतं असं वाटतं का तुम्हाला? बॅग बंद करायलाही विसरलात. मग बाप म्हणून म्हणायचं होतं, "नको जाऊस, मला भीती वाटते." मी भांडले असते, कदाचित गेलेही असते, पण निदान तुम्ही माझ्याशी खरं बोलला असतात. त्याऐवजी तुम्ही डॉक्टरकीच्या आड लपलात. आपल्या घरातली, आपल्या तिघांची एक गंमत होती, ती माझ्याविरुद्ध वापरलीत. खेळ गेला त्याचं दुःख केव्हाच ओसरलं. हे नाही ओसरत. तुम्ही वारलात तेव्हाही मी आईपाशी रडले ते अर्धं रागानेच.

हा कागद कुठे पाठवायचा नाहीच आहे, तेव्हा एक सांगून टाकते. एकोणतीसचा पाढा मला आता सबंध पाठ आहे. मोटरवेवर एकटी असले की मोठ्याने म्हणते, थेट दाहेपर्यंत. फक्त चोकला आल्यावर, येत असूनही, थोडी थांबते.